सात जणांचं विमान

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात ईस्ट कर्कबी नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या युद्धकालीन धावपट्टीवर एक लँकेस्टर बॉम्बर उभं आहे. क्रमांक एनएक्स ६११, नाव ‘जस्ट जेन’. १९४५च्या एप्रिलमध्ये ते लाँगब्रिजच्या ऑस्टिन कारखान्यात तयार झालं. युरोपातलं युद्ध तेव्हा संपत आलं होतं. जपानविरुद्ध पाठवायच्या ‘टायगर फोर्स’साठी ते बांधलं होतं, पण ते निघायच्या आत जपानने शरणागती पत्करली. म्हणजे या विमानाने युद्धात एकही बॉम्ब टाकला नाही आणि युद्धमोहिमेवर जाऊन त्यातलं कोणी दगावलंही नाही. तरीही बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागात, मारल्या गेलेल्यांची मुलं, पुतणे, भाचे आणि आता नातवंडं वर्षानुवर्षं याच विमानापाशी येतात. त्यांच्या माणसाने या विमानाला कधी हात लावलेला नसतो. तरी ती येतात आणि त्यांना हवं ते इथे सापडतं. ते कसं, हे कळायला विमान पुन्हा उभं करण्याचं काम जवळून पाहावं लागतं.

सुरुवात एका घरापासून करू. ख्रिस्तोफर पँटन हा १९ वर्षांचा मुलगा ४३३ क्रमांकाच्या कॅनेडियन स्क्वाड्रनमध्ये फ्लाइट इंजिनिअर होता. ३० मार्च १९४४च्या रात्री न्यूरेंबर्गवरच्या हल्ल्यात त्याचं हॅलिफॅक्स जातीचं बॉम्बर पडलं. बॉम्बर कमांडच्या इतिहासातली ती सगळ्यांत वाईट रात्र. ७९५ विमानं गेली, त्यांतली ९५ परतली नाहीत. ख्रिस्तोफरची कबर बव्हेरियात डुर्नबाख इथल्या युद्धस्मशानात आहे. त्याचे धाकटे भाऊ फ्रेड आणि हॅरल्ड पुढे लिंकनशायरमध्ये कुक्कुटपालन करू लागले. भावाची काहीतरी खूण उभी करायची हे त्यांच्या मनात पक्कं होतं. पण भाऊ ज्यातून गेला ते हॅलिफॅक्स मिळणार कुठून? सहा हजारांवर हॅलिफॅक्स बांधली गेली, पण युद्धातून वाचलेली नंतर भंगारात गेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जगात एकही शाबूत उरलेलं नव्हतं. मग लँकेस्टर. १९७२मध्ये एनएक्स ६११चा लिलाव झाला तेव्हा ते त्यांच्या हाती लागलं नाही. अखेर १९८३मध्ये त्यांनी ते विकत घेतलं आणि काही वर्षांनी ईस्ट कर्कबीला आणलं. युद्धात ५७ आणि ६३० या दोन स्क्वाड्रन तिथूनच उडत असत. धावपट्टीचा बराचसा भाग तोवर पँटन बंधूंच्या शेतीत आलेला होता.

पँटन बंधूंच्या हाती येईपर्यंत विमानाने काय काय सोसलं होतं, ते पुढच्या कामासाठी माहीत असणं भाग आहे. १९५२मध्ये ते फ्रेंच नौदलाकडे गेलं. ब्रिटनी आणि मोरोक्कोत समुद्रावरची गस्त, शोध आणि बचाव ही कामं केली. नंतर पार पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियाला गेलं. १९६४मध्ये फ्रेंचांनी ते जुनी विमानं जतन करणाऱ्या एका संस्थेला दिलं. मग ऑस्ट्रेलिया, आणि तिथून १९६५च्या मे महिन्यात अर्धं जग ओलांडून ते ब्रिटनला परतलं. नंतर हात बदलत राहिलं आणि १९७४पासून कित्येक वर्षं स्कॅम्पटनच्या हवाई तळाच्या फाटकावर शोभेसाठी उघड्यावर उभं होतं. वर्षानुवर्षांची खारी हवा आणि त्यावर इंग्लंडचा पाऊस. ॲल्युमिनियमला याहून वाईट संगत नाही.

पँटन बंधूंच्या हयातीत इंजिनं एकेक करून पुन्हा सुरू झाली आणि विमान स्वतःच्या ताकदीवर जमिनीवर धावू लागलं. ते पुन्हा उडावं यासाठीचं मोठं काम मात्र २०१६–१७च्या हिवाळ्यात सुरू झालं. त्याची पद्धत अशी ठरली की हिवाळ्यात विमान खोलायचं, दुरुस्त करायचं आणि उन्हाळ्यात पुन्हा जोडून धावपट्टीवर चालवायचं. उन्हाळ्यात लोक तिकीट काढून आत बसतात आणि विमान जमिनीवरूनच फेरी मारतं. त्या पैशांतून पुढच्या हिवाळ्याचं काम होतं. सरकारी तिजोरी पाठीशी नसलेल्या कामाला हाच मार्ग असतो. यामुळे काम लांबतं हे खरं, पण लोकांना विमान डोळ्यांसमोर बदलताना दिसतं. माझ्या मते हा फायदा वेळेच्या नुकसानापेक्षा मोठा आहे.

हातात पाना घेण्याआधी कागद गोळा करावे लागतात. विमान पुन्हा उडवायचं तर प्रत्येक नवा भाग मूळ आराखड्याप्रमाणे, मूळ जाडीचा आणि ठरलेल्या मिश्रधातूचा असावा लागतो. ॲव्रो कंपनीने लँकेस्टरचे हजारो आराखडे काढले होते. साधा कोपऱ्याचा कंस बनवायचा तरी त्याचा आराखडा शोधायचा, त्यावर लिहिलेला १९४०च्या दशकातला धातूचा सांकेतिक क्रमांक वाचायचा, तो धातू आज मिळत नसेल तर त्याच्या तोडीचा कोणता ते ठरवायचं आणि तपासनिसाची सही घ्यायची. काढलेल्या प्रत्येक भागाला क्रमांक द्यायचा आणि त्याचा फोटो काढायचा. हे सगळं झाल्यावर तो भाग बनवायला कदाचित एक दिवस पुरतो.

मग रंग उतरवायचा. रासायनिक द्रावण लावून एकावर एक चढलेले थर खरवडून काढले की पत्रा उघडा पडतो आणि खरी परिस्थिती कळते. ॲल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा तांबडा नसतो. तो पांढऱ्या भुकटीसारखा दिसतो. पत्रे जोडणाऱ्या रिवेटच्या कडेने रंग फुगलेला असेल तर खाली भुकटी धरलेली असते. पोलादी बोल्ट जिथे ॲल्युमिनियममधून जातो तिथे ओल शिरली की दोन धातूंमध्ये विजेचा बारीकसा घट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. पोटाखालच्या पत्र्यात घाम साचतो, तो भाग बहुधा सगळ्यांत वाईट निघतो. सर्वांत घातकी प्रकार म्हणजे आतून पोखरणारा गंज. वरून पत्रा जाडजूड दिसतो, पण टोकदार हत्याराने कड उचकटली की खारीच्या बिस्किटासारखे पापुद्रे सुटून येतात. अशा भागावर उपाय नसतो. तो बदलावाच लागतो.

डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांसाठी वेगळी तपासणी असते. भाग स्वच्छ करून त्यावर लाल रंगाचं पातळ द्रावण लावायचं, ते भेगेत मुरू द्यायचं, वरचं पुसून घ्यायचं आणि पांढरी पूड फवारायची. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पोलादी भागांना चुंबकीय चाचणी, जिथे हात पोचत नाही तिथे क्ष-किरण. या तपासण्या चाललेल्या असतात तेव्हा आठवड्याच्या शेवटी दाखवण्यासारखं काही हाती नसतं. कागदावर खुणा मात्र वाढत जातात.

आता रिवेट. लँकेस्टरचा सगळा देह रिवेटांनी जोडलेला आहे आणि जुना पत्रा काढायचा म्हणजे आधी ते काढायचे. रिवेटच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करायची. दांड्यापेक्षा किंचित बारीक ड्रिल घेऊन फक्त डोकं पोखरायचं, खालचा सांगाडा नाही. डोकं उडालं की दांडा हलकेच ठोकून मागे पाडायचा. इथे हात कललाच तर भोक मोठं होतं आणि मग जाड रिवेट वापरावा लागतो. जाड रिवेटला पत्र्याच्या कडेपासून ठरलेलं अंतर लागतं आणि ते उरलं नसेल तर ज्या आतल्या बरगडीवर पत्रा बसतो तीच बदलायची वेळ येते. एका कललेल्या भोकामुळे आठवड्याचं काम वाढू शकतं, म्हणून जाणते कारागीर नवख्याला कित्येक दिवस टाकाऊ पत्र्यावरच हात बसवायला लावतात.

नवा पत्रा कापून, वाकवून, जुन्या भोकांवरून भोकं पाडून घेतली की तो स्प्रिंगच्या तात्पुरत्या पिना लावून जागी धरतात. मग पुन्हा उतरवून भोकांच्या कडा साफ करतात, आतून गंजरोधक प्रायमर आणि सांध्यावर लुकण लावतात आणि कायमचा बसवतात. हे दोघांचं काम आहे. एक बाहेर, हातात हवेच्या दाबावर चालणारी रिवेट गन. दुसरा आत, हातात पोलादाचा गुळगुळीत ठोकळा. बाहेरचा डोक्यावर मारतो, आतला दांड्याच्या टोकावर ठोकळा घट्ट दाबून धरतो आणि टोक चपटं होत जातं. किती चपटं व्हायला हवं याचं माप ठरलेलं असतं. नव्याने झालेल्या डोक्याची रुंदी दांड्याच्या दीडपट, उंची निम्मी. कमी झालं तर सांधा ढिला, जास्त झालं तर रिवेट तडकतो. मधे पत्रा असल्याने दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. ठोकून खूण करतात. एक ठोका म्हणजे पुन्हा मार, दोन म्हणजे झालं, अशी काहीतरी आपसातली भाषा असते.

काही रिवेटांची तर आणखी एक अट असते. ते ज्या मिश्रधातूचे असतात तो नेहमीच्या अवस्थेत इतका कडक असतो की चपटा करायला जावं तर फुटतो. म्हणून रिवेट सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवून एकदम पाण्यात विझवतात. त्यानंतर साधारण दोन तास ते मऊ राहतात, मग आपोआप पुन्हा कडक होऊ लागतात. हे दोन तास लांबवायचा उपाय म्हणजे थंडी. विझवलेले रिवेट लगेच फ्रीजरमध्ये ठेवतात आणि लागतील तसे मोजके बाहेर काढतात. वेळ टळलेले रिवेट बाजूला ठेवायचे, पुन्हा तापवायचे. युद्धकाळातल्या कारखान्यांतही हीच रीत होती आणि तिथे रिवेट मारणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्यापैकी कित्येकींचे भाऊ आणि नवरे सैन्यात होते. विमान आणि कुटुंब यांचं नातं पहिल्या रिवेटापासून सुरू होतं, असं मला वाटतं ते यामुळे.

पंखांचा सगळा भार मुख्य स्पारवर असतो. स्पार म्हणजे पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जाणारी तुळई. पंखांचा विस्तार ३१ मीटर, प्रत्येक पंखावर दोन इंजिनं, पंखांतच इंधनाच्या टाक्या. प्रत्येक उड्डाणात स्पार थोडा वाकतो, थोडा सरळ होतो आणि धातू थकत जातो. म्हणून स्पारचं आयुष्य उड्डाणांच्या तासांत मोजतात. ब्रिटिश हवाई दलाकडे पीए ४७४ हे उडतं लँकेस्टर आहे. त्याचे स्पार १९९५–९६च्या हिवाळ्यात बदलले गेले आणि त्यामुळेच ते आजवर उडत राहिलं. इंजिनांबद्दल थोडक्यात सांगतो. २७ लिटरची, बारा सिलिंडरची चार मर्लिन. एकेक पूर्ण खोलून, भेगा तपासून, नव्या बेअरिंगसह जुळवायचं आणि चाचणीला लावायचं. मर्लिनचं काम जाणणाऱ्या कार्यशाळा अजून आहेत, कारण स्पिटफायरलाही तीच इंजिनं असतात. लँकेस्टरचे स्पार आणि पत्रे मात्र दुसऱ्या कोणाला लागत नाहीत.

आता आत जाऊ. दार उजव्या बाजूला, शेपटीजवळ. आत शिरल्यावर डावीकडे वळलं तर मागच्या तोफचीची जागा. तिथे जायला शेपटीच्या आडव्या स्पारवरून ओणवं होऊन सरकावं लागतं. काचेच्या त्या घुमटात चार ब्राउनिंग मशीनगन आणि जेमतेम एका माणसाची बैठक. पॅराशूट पाठीला लावून बसता येईल एवढीही जागा नाही, म्हणून ते मागे विमानाच्या धडात टांगलेलं असे. बाहेर उणे ३० ते ४० अंश. विजेवर गरम होणारा अंगरखा असायचा, पण दृष्टी साफ राहावी म्हणून अनेकांनी समोरचं पारदर्शक तावदान काढून टाकलेलं असे. त्या थंडीत आठ आठ तास अंधारात डोळे लावून बसायचं, उरलेल्या सहा जणांकडे पाठ करून.

उजवीकडे वळलं तर छतातल्या तोफचीची कापडी झोळीवजा बैठक लागते. पुढे मुख्य स्पार थेट वाटेत आडवा येतो. मघाशी ज्याचं आयुष्य तासांत मोजलं तोच हा. इथे तो कमरेएवढा उंच अडसर होतो आणि प्रत्येकाला त्याच्यावरून चढून जावं लागे. त्याला लागून वायरलेस ऑपरेटर. गरम हवेचं तोंड नेमकं तिथेच असल्यामुळे तोफची गारठत असताना तो उकडत असे. मग पडद्याआड नकाशांच्या टेबलाशी नॅव्हिगेटर. पुढे डावीकडे वैमानिक आणि त्याच्या शेजारी घडीच्या पातळ बैठकीवर फ्लाइट इंजिनिअर. ख्रिस्तोफर पँटनचं काम हे होतं, फक्त दुसऱ्या जातीच्या विमानात. सगळ्यांत पुढे, नाकाच्या काचेत पालथा पडलेला बॉम्ब एमर, म्हणजे नेम धरून बॉम्ब टाकणारा. आणीबाणीत बाहेर पडायचं मुख्य झाकण त्याच्या पोटाखाली असे.

त्या झाकणाविषयी सांगितलंच पाहिजे. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन तरुणपणी बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात होता. पडलेल्या विमानांतून किती जण जिवंत निघाले याचे आकडे पाहताना त्याच्या लक्षात आलं की हॅलिफॅक्समधून साधारण २५ टक्के सुटत होते, लँकेस्टरमधून १५ टक्के. लँकेस्टरचं झाकण दोन इंच अरुंद होतं. ते रुंद करून घ्यायला विभागाने बरेच प्रयत्न केले, पण बदल व्हायला उशीर झाला. आज पुनर्बांधणी करणारे ते झाकणही आराखड्याबरहुकूम अरुंदच ठेवतात. मला हे योग्य वाटतं. ती दोन इंच वाढवली तर त्या विमानाचं सगळ्यांत महत्त्वाचं सत्य पुसलं जाईल.

नातेवाईक इथे आले की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, आमचा माणूस कुठे बसायचा? बोट दाखवता येतं. जमिनीवरच्या फेरीतही प्रवासी या चालकदलाच्या जागांवरच बसतात. धातू बदलला, पत्रे नवे आले, रिवेट नवे आले. पण स्पारवरून चढावं लागतं ते लागतंच. शेपटीतला घुमट तेवढाच अरुंद आहे. घरात फक्त एक फोटो आणि ‘बेपत्ता’ कळवणारी तार उरलेली असते, त्या कुटुंबाला ही जागा कळणं फार मोठं असतं. पुनर्बांधणीतल्या प्रत्येक मिलिमीटरचा आग्रह त्यासाठीच सार्थ ठरतो.

कॅनडात हॅमिल्टनला जगातलं दुसरं उडतं लँकेस्टर आहे. पुनर्बांधणीनंतर ते १९८८च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा उडालं. त्यावरची अक्षरं व्हीआर-ए अशी आहेत, अँड्र्यू मायनार्स्कीच्या विमानाची. १९४४च्या जूनमध्ये फ्रान्सवर ते विमान पेटलं. सगळ्यांना उडी मारायचा हुकूम झाला तेव्हा मागचा तोफची पॅट ब्रॉफी घुमटात अडकलेला होता, घुमट फिरत नव्हता. मायनार्स्की जळत्या कपड्यांनिशी त्याच्याकडे रांगत गेला, घुमट उचकटायचा प्रयत्न केला, जमेना तेव्हा परत फिरला आणि उडी मारली. तो भाजून मेला. विमान कोसळलं, पण ब्रॉफी आश्चर्यकारकरीत्या वाचला आणि त्यानेच हे जगाला सांगितलं. मायनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मघाशी सांगितलेली शेपटीतली ती सरकवाट पाहिल्यावर त्याने काय केलं हे नीट कळतं. २०१४मध्ये हे विमान अटलांटिक ओलांडून ब्रिटनला आलं आणि ईस्ट कर्कबीला तीन लँकेस्टर एकत्र आली.

कुटुंब आणि विमान यांची गाठ कागदांवरून कशी घातली जाते, तेही सांगतो. प्रत्येक उड्डाण करणाऱ्याकडे लॉगबुक असे. तारीख, विमानाचा क्रमांक, वैमानिकाचं नाव, स्वतःचं काम, कुठे गेलो, किती तास. रात्रीच्या मोहिमा बहुधा लाल शाईत. माणूस मेला की शेवटच्या नोंदीवर शिक्का बसे आणि वही नातेवाइकांसाठी राखून ठेवली जाई. ज्या वह्या कोणी मागितल्या नाहीत त्यांतल्या बहुतेक हवाई दलाने १९६०च्या सुमारास नष्ट केल्या. वही नसेल तर स्क्वाड्रनची मोहीम-नोंदवही पाहायची. ती लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि तिच्यात प्रत्येक रात्री कोणत्या विमानात कोण होतं ते लिहिलेलं असतं. नाव आणि तारीख हातात असेल तर विमानाचा क्रमांक निघतो, त्यावरून उरलेले सहा जण निघतात आणि युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींवरून त्यांच्या कबरी. लिंकनला २०१८मध्ये उघडलेल्या आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्रात सुमारे ५८,००० नावं भिंतींवर कोरली आहेत आणि प्रत्येक नावामागची माहिती नोंदवली जाते. यातून अनेकदा एकाच विमानातल्या सात जणांची सात कुटुंबं प्रथमच एकमेकांना भेटतात.

या माणसांनी शहरांवर बॉम्ब टाकले आणि खाली हॅम्बुर्ग-ड्रेस्डेनसारख्या ठिकाणी सामान्य माणसं हजारोंनी मेली, हे विसरून विमानाकडे पाहता येत नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २०१२मध्ये बॉम्बर कमांडचं स्मारक झालं. त्यावर बॉम्बफेकीत प्राण गमावलेल्या सर्व देशांतल्या लोकांचंही स्मरण केलेलं आहे, आणि ते तिथे असायलाच हवं. त्या स्मारकाच्या छताला वापरलेलं ॲल्युमिनियम कॅनेडियन ४२६ स्क्वाड्रनच्या हॅलिफॅक्स एलडब्ल्यू ६८२मधून आलं. ते विमान १९४४च्या मेमध्ये बेल्जियममधल्या दलदलीत पडलं. आठांपैकी पाच जणांचे मृतदेह तेव्हा मिळाले, तिघे चिखलातच राहिले. नातेवाइकांनी पाठपुरावा केला. १९९७मध्ये विमान उपसलं गेलं, तिघांचे अवशेष सापडले आणि खेरार्ड्सबर्गनला त्यांच्या सोबत्यांशेजारी लष्करी इतमामाने दफन झालं. हे विमान पुन्हा उभं करण्यासारखं उरलं नव्हतं. त्याचा धातू वितळवून जपणं हीदेखील पुनर्बांधणीच.

यॉर्कजवळच्या संग्रहालयातलं हॅलिफॅक्स याच्या उलट टोकाचं. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर एका शेतकऱ्याने युद्धानंतर हॅलिफॅक्सच्या धडाचा तुकडा कोंबड्यांच्या खुराड्यासाठी विकत घेतला होता. त्या तुकड्याला हेस्टिंग्ज जातीच्या विमानाचे पंख जोडले, बाकीचं नव्याने बनवलं आणि १९९६च्या सप्टेंबरमध्ये, शुक्रवारी १३ तारखेला, ते बाहेर आणलं. मुद्दाम त्या वारी, कारण त्याला नाव दिलं होतं ‘फ्रायडे द थर्टीन्थ’, १२८ मोहिमा सुखरूप करून आलेल्या एका हॅलिफॅक्सचं. याला खरं विमान म्हणावं का, असा वाद घालणारे घालतात. हॅलिफॅक्सवर गेलेल्यांच्या कुटुंबांना मात्र आत शिरून जागा दाखवता येते, आणि माझ्या लेखी तेवढ्याने वाद मिटतो.

हे सगळं दूरदेशीचं वाटेल, पण पुण्याचा यात मोठा भाग आहे. युद्ध संपल्यावर कानपूरला अमेरिकी बनावटीची लिबरेटर बॉम्बर विमानं ढिगाने टाकून दिलेली होती. कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोड केली होती, इंजिनांत वाळू घातली होती. १९४८मध्ये बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी ती एकेक करून एका उड्डाणापुरती सावरली. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला उडवत नेली आणि तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. अशी सुमारे चाळीस विमानं भारतीय हवाई दलात आली. पुढे ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने पुण्याहून, लोहगावहून, ती समुद्रावरच्या गस्तीसाठी वापरली. १९६८मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा जगात उडती लिबरेटर जवळपास संपलेली होती. म्हणूनच आज परदेशी संग्रहालयांत जी थोडी उरली आहेत त्यांतली बरीचशी भारतातून गेलेली आहेत. अमेरिकेतल्या कॉलिंग्ज प्रतिष्ठानने १९८४मध्ये घेतलेलं आणि १९८९मध्ये पुन्हा उडवलेलं लिबरेटर हे त्यांतलंच एक.

त्या विमानांवर काम केलेले वैमानिक, नॅव्हिगेटर, तोफची आणि जमिनीवरचे तंत्रज्ञ यांची घरं पुण्यात, महाराष्ट्रात आणि देशभर असणार. लॉगबुकं कपाटांच्या तळाशी असतील. अशी वही हाती लागली तर तिला प्लॅस्टिकचा मुलामा देऊ नका आणि चिकटपट्टी लावू नका. पानं उन्हापासून दूर ठेवा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. फोटोच्या मागे नावं लिहिलेली असतील तर तीही जशीच्या तशी उतरवून घ्या. आणि विमानाच्या क्रमांकाचा रकाना नीट वाचा. भारतीय लिबरेटरच्या क्रमांकाआधी एचई ही अक्षरं असत. ब्रिटिशांचं केएन ७५१ भारताकडे आल्यावर एचई ८०७ झालं. १९७४मध्ये ते इथून ब्रिटनला गेलं आणि आता रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात आहे. आजोबांच्या वहीत एचई ८०७ असेल, तर त्यांचं विमान अजून शाबूत आहे आणि ते कोणत्या जागेवर बसत, तेही त्याच ओळीत पुढच्या रकान्यात लिहिलेलं सापडेल.